सांधा

कापूस ओला निघाला तर कपात,
नाहीतर पूर्ण भाव.
जिनिंगवाल्यांच्या काट्यांसाठी मी हे लिहीत असते दिवसभर,
जळगावात, डाळमिलच्या वरच्या मजल्यावर.
की-बोर्डच्या फटींत तुरीची पिवळी भुकटी.

‘नाहीतर’ मी पहिल्यांदा आईच्या तोंडून ऐकलं,
तेव्हा त्याच्यामागून लाटणं यायचं.
इथे तो नुसता दुसरा रस्ता.
यंत्र एक धरतं आणि
सोडलेल्या ओळीकडे वळूनही पाहत नाही.

माणसांचं तसं नाही.
चोपड्याच्या बँकेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
प्रभावती मावशी अजून ‘आमची शाखा’ म्हणते,
जणू तिनेच पाणी घालून वाढवली.
दहावीनंतर खैरनार सरांनी वहीत दोन रकाने आखले
आणि एका बाकावरच्या आम्ही दोघी
दोन रकान्यांत जाऊन बसलो.
मंदाकिनी कला शाखेची. आता अमळनेरला अहिराणीवर काम करते.
लोक तिला विचारतात, ही गुजरातीची फांदी की मराठीची?
ती म्हणते,
मारवडच्या बाजारात दोडकी विकणारी म्हातारी
कोणाची फांदी, ते सांगा आधी.

दगा आप्पांना असले प्रश्न पडत नाहीत.
पारोळ्याकडे, गुडघाभर कपाशीत वाकून
ते बुडातली गळफांदी बोटांनीच ओळखतात :
जोमाची, हिरवीगार, सगळ्यांच्या आधी वर धावणारी.
तीच कापायची.
फळफांदी वाकडी असते, गाठीगाठीला वळत जाते,
बोंड तिलाच.
तुना कॉम्प्युटरमा कितल्या फांद्या? त्यांनी विचारलं.
सतरा, म्हटलं.
कापी टाक.

आज साहेबही तेच म्हणाले. जुन्या ब्रँच काढून टाका.
सोळा गेल्या. जेवणाच्या सुट्टीआधीच गेल्या.
सतरावी हर्षलची.
नाशिकला जाण्याआधी रात्री थांबून थांबून
त्याने काट्याला बोलायला शिकवलं होतं,
ज्यांना पावती वाचता येत नाही त्यांच्यासाठी.
तीन वर्षं कोणी ती मुख्य कोडात घेतली नाही.
घ्यायला गेले तर तीनशे एक्केचाळीस ठिकाणी भांडण :
त्याची ओळ ठेवू की आमची?

गळफांदी की फळफांदी, बोटांना कळेना.

माझे वडील भुसावळच्या यार्डात सांधेवाले होते.
एका रात्री झोपेच्या गुंगीत त्यांनी
कांद्याची वाघीण भलत्याच रुळावर घातली.
आठवडाभर चौकशी चालली, कांदे कोंबारले,
आणि घरात महिनाभर कोणी कांदा म्हणेना.
लहानपणी मी त्यांना विचारलं होतं,
रूळ जिथे फुटतो, एकाचे दोन होतात,
त्या जागेला सांधा का म्हणतात?
सडकेवर तर आपण फाटा म्हणतो. फाटलेलं.
ते खूप वेळ लोखंडाकडे पाहत राहिले.
मग म्हणाले, येणारी गाडीबी आठूनच येस ना.

संध्याकाळी डाळमिल थांबली.
ऑफिसात मी आणि पंखा.
काढण्याआधी एकदा चालवून पाहावी म्हणून
हर्षलची फांदी उघडली,
खोटं वजन टाकलं, एक क्विंटल बारा किलो,
ओलावा टाकला सात.
जरा खरखर झाली. मग कोणा बाईचा आवाज,
बहुधा त्याच्या आईचा,
मागे कुठेतरी भांडं पडल्याचं ऐकू येतं :
माय, तुना कापूस कोल्ला शे.

मी बोट उचललं.
फोन लावला भुसावळला, स्पीकरजवळ धरला.
पलीकडे गाडी जात होती, तिचे डबे संपेपर्यंत
वडील काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
आखो एकदाव लाव.